रिकामा येणारा डबा

बाबा, परवा पालघरला मी डॉक्टरांशी खोटं बोलले. जेवणात काय काय असतं, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, नाचणीची भाकरी, पालेभाजी, मूग, काकडी. त्यांनी मान डोलावली, मग रिपोर्टकडं पाहिलं. तरुण आहेत, रागावले नाहीत. "मावशी, मग ही साखर येते कुठून?" एवढंच म्हणाले. हाच प्रश्न मी तुमच्या डॉक्टरांना विचारत हिंडले होते, ते आठवलं.

तुम्हाला साखर निघाली तेव्हा आई जाऊन चार वर्षं झाली होती आणि स्वयंपाकघर माझ्याकडं होतं. डॉक्टरांनी दिलेला कागद मी ओट्यावर चिकटवला. भात कमी, बटाटा बंद, तेल नावाला, जेवण वेळेवर. पाम गावाहून भाजीवाली यायची. टोपली उतरवता उतरवता म्हणायची, "माठ घे गं पोरी, सकाळीच खुडलाय. बापाला तुज्या बरा हाय." कंपनीत तुमची पहिली पाळी असली की मी साडेचारला उठायचे. दुधी, माठ, मोडाचे मूग, सगळं जवळजवळ बिनतेलाचं. तुम्ही एकदाच चिडलात. ताट सरकवून म्हणालात, "मी आजारी हाय, कैदी नाय." मी रडायला लागले. तुम्ही ताट पुन्हा ओढलंत आणि शेवटचा घास संपेपर्यंत मान वर केली नाहीत.

त्यानंतर तक्रार नाही. डबा रोज रिकामा यायचा, कंपनीच्या नळावर विसळलेला. अशी अकरा वर्षं. त्या काळात मला स्थळं आली. दोन तर चांगली होती, त्यातलं एक चिंचणीचं. मीच नाही म्हणाले. मी गेले तर हे काहीही खातील, असं वाटायचं.

मग बॉयलरजवळच्या गरम बुटात तुमच्या अंगठ्याला फोड आला आणि तुम्हाला तो कळलाच नाही. आधी अंगठा गेला, पावसाळ्यानंतर गुडघ्याखाली पाय. एवढं पथ्य पाळून असं कसं होतं, म्हणून मी दिसेल त्या डॉक्टरला विचारायचे, तुमच्या खाटेशी उभी राहूनच. तुम्ही भिंतीकडं तोंड करून पडून असायचात. दुखत असेल, असं मी समजले.

तुमच्या तेराव्याला, तुमच्याबरोबर बॉयलरवर असलेले भैया आले. जेवले नाहीत, उंबऱ्याशी चहाचा कप धरून बसले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "बेटी, तेरे हाथ का खाना मैंने खाया है. ग्यारह साल."

मला वाटलं, कधीमधी घास दिला असेल तुम्ही. म्हटलं, "और बाबा?"

"गेट के बाहर. वडापाव, कभी भजिया, ऊपर से मीठी चाय. मैं खोली में छह लोगों के साथ रहता था, रोज आलू-चावल. मेरे लिए तो वो घर का खाना था." मग कप खाली ठेवला. "बोलते थे, डब्बा भरा हुआ वापस गया तो लड़की रोएगी."

भैया माझ्यासमोर धडधाकट बसले होते. मी त्यांना "बरं झालं आलात" असं काहीतरी म्हणाले आणि आत गेले. वर्षभर तुमच्या फोटोला हार घातला नाही. मला सांगितलं असतंत तर मी थोडं तेल वाढवलं असतं, बाबा. लसणीची चटणी दिली असती. आपण दोघांनी मिळून काहीतरी जमवलं असतं.

आता मी बोईसरला एका कंपनीच्या पॅकिंग खात्यात आहे. आठ तास उभं राहायचं. दर आठवड्याला पाळी बदलते, त्यामुळं वेळेवर जेवायचं म्हणजे नेमकं कधी, हे पोटालाच कळत नाही. दुसऱ्या पाळीला कँटीनमध्ये भात, बटाट्याचा रस्सा आणि डाळीचं पाणी. पहिल्या पाळीनंतर बाजारात जावं तर सकाळची भाजी उन्हानं माना टाकून पडलेली असते. पामची भाजीवाली केव्हाच यायची थांबली. डॉक्टर म्हणतात, रोज चाला. आमच्या रस्त्यावर टँकर, धूळ आणि कारखान्यांचा तो वास. तोंडाला ओढणी बांधून मी चार दिवस चालले, पाचव्या दिवशी खोकला घेऊन परतले. दर महिन्याला नव्यानं सुरू करते. आठवडा निघतो. मग एक दिवस कामावरून सुटल्यावर पाय आपोआप वडापावच्या गाडीकडं वळतात, आणि गरम, तिखट, तेलकट असं काही पोटात गेलं की त्या दिवसात पहिल्यांदा कुणीतरी आपली विचारपूस केली असं वाटतं. तुम्हालाही असंच वाटत असेल. आता माझ्याही तळव्यांना मुंग्या येतात. चप्पल कधी निसटते ते कळत नाही. पुढं काय होतं ते मला पाठ आहे. थांबवायचं कसं, तेही पाठ आहे. आणि तरी ते थांबत नाही.

हे कुठं पाठवायचं नाहीच, म्हणून सांगते. तुमची भाजी झाली की मी दुसरी कढई ठेवायचे. माझ्यासाठी, चांगलं तेल घालून, खोबरं, तिखट, सगळं. तुमची भाजी त्या अकरा वर्षांत मी एकदाही चाखून पाहिली नाही.