धक्क्यावरचा दोर

५ जानेवारी १९५६
पाहण्यासारखं काही नाही असं कोण म्हणतं? सगळं आहे. मातीचा किल्ला, मशिदीचा ठेंगणा मनोरा, खाडीत तिवरं, त्यात लांब पायांचे गुलाबी पक्षी. माणसं तेवढी नाहीत. मोत्यांचा धंदा बसला, गाव उठलं. आता दर शुक्रवारी दोहा शहरातून तेलकंपनीचे साहेब बघायला येतात. मी फिरवतो, माझा मेहुणा इब्राहीम जेवू घालतो. घरून निघताना बहीण रुकैयानं बजावलंय, युसुफभाय, माझ्या नवऱ्याला नेताय तसा परत आणा. आणीन की. तो काय बरणी आहे फुटायला?

१३ जानेवारी
साहेबांना जुना धक्का फार आवडला. तिथं एक दोर अजून पाण्यात सोडलेला आहे. इथला म्हातारा कोळी खलील सांगत होता, पाणबुड्या पायाला दगड लावून उतरायचा, दम संपला की हिसका द्यायचा, वरचा ओढून घ्यायचा. हा दोर दुपारचा अजून हिसके देतो. हात लावू नका, एक वर आला की एक खाली जातो, म्हणाला. मी म्हटलं, मासा असेल. इब्राहीम म्हणाला, मग भाय, कालवणाला आणा.

१८ जानेवारी
हिसका बसला. जन्म मचव्यावर गेला माझा, दोर हलला की हात जातोच. ओढला. जड, जड, मग एकदम हलका. टोकाला नुसता दगड. धक्क्यावर ओली पावलं, घराकडं गेलेली. माझी नव्हेत. पाठ मोडली. पडतो.

१९ जानेवारी
इब्राहीमनं जेवण वाढलं. भात खारट, तोंडात घालवेना. त्याचे केस ओले. विचारलं तर म्हणाला, आंघोळ केली. पिंप तर कालपासून रिकामं. पाण्याचा ट्रक आलाच नाही.

२१ जानेवारी
दुपारी तो पडला होता. छाती हलत नाही. बसून बघितलं. किती तरी वेळ. मग एकच श्वास. माझे डोळे गेलेत, दुसरं काय —

२२ जानेवारी
दोराला हिसके. सारखे. ओढायला घेतला, तर इब्राहीम पाठीशी उभा. सोडा भाय, मासा असेल, म्हणाला. हा इथं, मग खाली कोण? सोडला. हिसके हळू झाले. थांबले.

तो घरात गेल्यावर ओढला. टोकाला बंडी, गच्च गाठ मारलेली. रुकैयानं शिवलेली. इब्राहीमची —

आतून चहाला हाक मारतोय.

रुकैयाला मी काय — नाही. तिनं विचारलं तरी नाही सांगायचं. कुणालाच काही सांगणार नाही.