आडवं झोपण्यासाठी

अप्पा,

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी मला एक फवारा दिला. सकाळ-संध्याकाळ तोंडाला लावून ओढायचा आणि थोडा वेळ श्वास धरून ठेवायचा. हवा बदलली की माझ्या छातीत शिट्टी वाजते, जिना चढताना मध्येच थांबावं लागतं. तुमच्याकडून मला आलेल्या गोष्टींतली ही एक. फवाऱ्यात काय औषध आहे, असं मी विचारलं. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, माझ्या शाळेत शिकून गेलेल्या मुलींच्या वयाच्या. म्हणाल्या, "स्टेरॉइड आहे मावशी, पण अगदी कमी, आणि थेट छातीत जातं. घाबरू नका." मी घाबरले नव्हते. इतक्या वर्षांनी तो शब्द कानावर पडला आणि तुम्ही समोर उभे राहिलात, तेही शेवटच्या दोन वर्षांतल्या चेहऱ्यानं. गोल, तकतकीत, गालावर लाली आलेला. तुमचा मूळचा चेहरा आठवायला मला अजूनही जरा कष्ट पडतात. गालफडं बसलेली, मानेच्या शिरा दिसणाऱ्या, डोळे मात्र हसरे. तो चेहरा घरातल्या एकाही फोटोत नाही. एकुलता एक फोटो काढला तो गोळ्या चालू झाल्यानंतर.

तुम्ही मिलमध्ये होता, कापूस पिंजायच्या खात्यात. भोंगा झाला की थोड्या वेळानं दारात यायचात तेव्हा भुवयांवर, कानाच्या पाळ्यांवर पांढरी लव बसलेली असायची. आई अंगणातच बादली ठेवायची. अंग धुऊन चहा घेतला की तुम्ही खुंटीवरची पेटी काढून क्लॅरिनेट जोडायला बसायचात. एकेक तुकडा दुसऱ्यात बसवताना तुमची बोटं वेगळीच व्हायची. लग्नसराईत तुम्ही गल्लीच्या टोकाच्या ब्यांडमध्ये वाजवायचात. सोनेरी झालरीचा लाल कोट आई उन्हात वाळवायची आणि शेजारची पोरं लांबून बघायची. मिलमधल्या तुमच्याविषयी मला काहीच माहीत नव्हतं. माझे अप्पा म्हणजे नवरदेव मारुतीला निघाला की सगळ्यांच्या पुढं चालणारे, डोळे मिटून वाजवणारे.

दुष्काळ सरला, पुन्हा धूमधडाक्यात लग्नं व्हायला लागली, त्याच सुमारास तुमचा दमा वाढला. आधी नुसता खोकला होता. मग तुम्हाला आडवं होता येईना. भिंतीला पाठ लावून, मांडीवर उशी आणि उशीवर कोपर, असे तुम्ही बसून असायचात. कुणी धोतऱ्याच्या पानांची विडी ओढायला सांगितली, कुणी अडुळशाचा काढा. सगळं करून झालं. आम्ही बोलायचो हळू, चालायचो हळू, जणू आमच्या आवाजानं तुमचा श्वास अडत होता. धाकटा भाऊ तर तुमच्याकडे बघत आपलाच श्वास रोखून धरायचा.

त्या वर्षी आमच्या शाळेजवळ एक लग्न होतं. सुटी झाल्यावर मी आणि माझी मैत्रीण वरात बघायला थांबलो. ब्यांड वळणावर आला आणि मी तुम्हाला पुढच्या ओळीत शोधायला लागले. तिथं दुसराच माणूस क्लॅरिनेट वाजवत होता, बार्शीहून आणलेला. तुम्ही शेवटच्या ओळीत होता. लाल कोट तोच, टोपी तीच, हातात खुळखुळे. मान खाली घालून तुम्ही ते हलवत होता, तालात. मैत्रीण म्हणाली, तुझे वडील दिसत नाहीत. मी म्हटलं, आज आले नसतील. तुम्ही मला पाहिलं होतं की नाही हे मला कधीच कळलं नाही. घरी आल्यावर तुम्ही पेटीला हात लावला नाही.

त्यानंतर आईनं तुम्हाला जबरदस्तीनं डॉक्टरांकडे नेलं. चष्मेवाले, थोडे तिरसट, पण आमच्या भागात त्यांचं नाव होतं. त्यांनी बारक्या पांढऱ्या गोळ्या दिल्या, आठवड्यापुरत्या. हे औषध जोरदार आहे, दमा बसेल, पण फार दिवस घ्यायचं नाही, असं बजावून सांगितलं. दोन-तीन दिवसांनी मी उठले तर तुम्ही अंथरुणावर आडवे होता. कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, तोंड उघडं ठेवून झोपला होता. आई चुलीपाशी बसली होती, पण चूल पेटवलेली नव्हती. माझ्याकडे बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं. डबा न घेता तुम्ही त्या दिवशी मिलला उशिरा गेलात आणि आईला त्याचं काही वाटलं नाही. मला वाटतं तिच्या लग्नानंतरच्या सुखाच्या सकाळींतली ती एक असावी.

आठवडा संपला. गोळ्या थांबल्या आणि दमा परत आला. डॉक्टरांनी पुन्हा थोड्या दिल्या, मग द्यायला नकार दिला. हाडं ठिसूळ होतील, साखर वाढेल, साधा ताप अंगावर काढता येणार नाही, असं त्यांनी सांगितल्याचं आईनंच मला नंतर सांगितलं. तुम्ही हो म्हणालात आणि दुसऱ्या पेठेतल्या औषधाच्या दुकानातून गोळ्या आणायला लागलात. तिथं कुणी काही विचारत नसे.

पुढचं दीड-दोन वर्ष मात्र अप्पा, आमच्या घराला दृष्ट लागावी असं होतं. तुम्हाला भूक लागायला लागली. आई भाकरी थापतेय आणि तुम्ही तव्यावरची उतरायची वाट बघताय, शेंगाचटणीत तेल ओतून बोटानं कालवताय. गाल भरले. शेजारच्या हातमागवाल्यांच्या घरातली तेलुगू आजी आईला म्हणाली, "तुझा नवरा आता चांगला दिसते. काय घालते खायला?" मिलमधले, ब्यांडमधले, येणारेजाणारे सगळे तब्येत सुधारली म्हणायचे. मी तेव्हा आठवीत होते आणि आईच्या तोंडून अर्धवट ऐकून बरंच काही कळतं अशा थाटात होते. एकदा पाहुण्यांसमोर मी बोलून गेले की ही तब्येत नाही, गोळ्यांची सूज आहे. पाहुणे गेल्यावर तुम्ही मला जवळ बोलावलंत. मला वाटलं मारणार. तुम्ही एवढंच म्हणालात, "जलमभर लोकांनी मला काटकुळ्या म्हटलं. आता बरा दिसतोय म्हणत्यात तर म्हणू दे की. तुझं काय जातंय?" तुम्ही रागावला नव्हता. तुम्हाला लाज वाटली होती, आणि ते मला मारापेक्षा जास्त लागलं.

त्याच काळात दुधनीला मावशीचं लग्न झालं. आईचं माहेर. ब्यांड आपलाच नेला होता आणि तुम्ही पुन्हा पुढच्या ओळीत. वरात पेठेतून जात असताना तुम्ही एक सूर धरलात आणि तो सोडेनाच. ढोलवाला हात वर करून थांबला, नवरदेवाचा घोडा थांबला, दुकानांच्या फळ्यांवर लोक उभे राहिले. आईचे काका, जे तुमच्या लग्नात तुमच्याशी धड बोलले नव्हते, ते मान हलवत कानडीत "भाळ छलो, भाळ छलो", फार छान, फार छान, म्हणत पुढं आले आणि त्यांनी आपल्या डोक्यावरचा पटका काढून तुमच्या खांद्यावर घातला. आईनं पदर तोंडाला लावला होता. माहेरच्या माणसांत तिला तेवढं ताठ उभं राहिलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

म्हणून पुढं आम्ही सगळे, मी सुद्धा, असंच धरून चाललो की तुम्ही क्लॅरिनेटसाठी गोळ्या घेतल्या. माझी मुलं अजूनही तसंच सांगतात: आमच्या आजोबांनी कलेपायी जीव दिला. ऐकायला ते बरं वाटतं. पण एका संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या दाराशी ज्वारी निवडत बसले होते आणि तुम्ही दोघं आत होता. तुमच्या दंडावर काळेनिळे डाग पडायला लागले होते, नुसत्या धक्क्यानं कातडी सोलत होती. आई म्हणत होती, ब्यांड सोडून द्या, मिलचा पगार आहे, भागवू आपण.

"ब्यांडासाठी न्हाई घेत मी," तुम्ही म्हणालात. "वाजवायला मिळतंय ते वरचं. माझा बा बसल्या बसल्या गेला. गुडघ्यात डोकं घालून. मी त्याच्या पाठीवरनं हात फिरवत हुतो आन् त्याला वारा घेता येत नव्हता. बारका हुतो मी, पर ते डोळे मी इसरलो न्हाई. मला तसं जायाचं न्हाई. हाडं मोडू देत, साखर हुं दे. रातच्याला आडवं पडून झोपू दे मला."

आईची भाकरी करपली. तिनं ती तव्यावरून काढली, बाजूला ठेवली आणि दुसरी थापायला घेतली. त्यानंतर पुष्कळ दिवस ती गोळ्यांविषयी एक शब्द बोलली नाही.

मग उन्हाळ्यात तुम्ही हौदातून बादली उचललीत आणि तिथंच खाली बसलात. पाठीचा मणका दबला होता. मोठ्या दवाखान्यातून तुम्हाला टांग्यातनं आणलं, आणि वाकलात ते पुन्हा सरळ झालाच नाहीत. घरी पडून असतानाही उशाखाली गोळ्यांची पुडी होतीच. आईचा धीर सुटला. तिनं तुमचा हात धरून आपल्या गळ्यातल्या मण्यांवर ठेवला. "माझी आण हाय तुमाला. आजपास्नं त्या गोळीला हात लावला तर माझं मेलेलं तोंड बघाल." मी आणि भाऊ दारात उभे होतो. तुम्ही आधी आईकडे, मग आमच्याकडे बघितलंत. ज्या गोष्टीची तुम्हाला जन्मभर भीती होती ती तुम्हाला आता पुन्हा दिसत असणार. तुम्ही म्हणालात, "बरं." पुडी उशाखालून काढून आईच्या हातात दिलीत.

दमा आला, पण आम्हाला वाटलं होतं तेवढा नाही. आलं ते वेगळंच. तुम्हाला उलट्या व्हायला लागल्या, अंगातलं त्राण गेलं, पाणी सुद्धा पोटात ठरेना. सोलापूरचं ऊन, त्यात पत्र्याचं घर. सगळे म्हणाले ऊन लागलं. तळपायाला कांदा चोळला, ताक पाजलं. तुम्ही आडवेच होता. तुमचा आवाज इतका बारीक झाला होता की कान तोंडाशी न्यावा लागे. चष्मेवाल्या डॉक्टरांना बोलावलं. ते आले तेव्हा तुमची नाडी लागत नव्हती. त्यांनी आईला विचारलं, गोळ्या चालू आहेत का. आणि आई, अप्पा, आई किती आशेनं बोलली. "न्हाई सायेब. सोमवारपास्नं एकबी घेतली न्हाई. माझी आण पाळली त्यांनी." डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पेटी उघडून घाईघाईनं इंजेक्शन भरलं, तुमच्या दंडात दिलं आणि मनगट धरून बसून राहिले. तुम्ही गेलात तेव्हा दुपार होती. त्यांनी आईला एवढंच सांगितलं की अशक्तपणा फार होता.

मला कळलं ते पुढं, शिक्षिकेची नोकरी लागल्यावर. पेढे द्यायला मी त्या चष्मेवाल्या डॉक्टरांकडे गेले होते. ते थकले होते. मी विचारलं आणि त्यांनी सांगितलं. इतके दिवस घेतलेली ही गोळी एकदम तोडायची नसते, कमी करत करत सोडावी लागते, नाहीतर शरीर उभंच राहू शकत नाही. "तुझ्या वडिलांना मी हे समोर बसवून सांगितलं होतं," ते म्हणाले.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मी वर्षानुवर्षं यावर विचार केलाय. तुम्ही विसरला असाल, किंवा डॉक्टर उगीच घाबरवतात असं वाटलं असेल. किंवा असंही असेल की त्या वेळी आईला ते सांगितलं असतं तर तिला ती पळवाट वाटली असती आणि तुम्हाला तिच्यासमोर तेवढं लहान व्हायचं नव्हतं. तुम्ही सांगायला हवं होतं, अप्पा. तुम्ही एका वाक्यात सांगितलं असतं तर तिनं स्वतः रोज अर्धी गोळी मोडून तुमच्या हातावर ठेवली असती. या एका गोष्टीचा राग माझ्या मनातून जात नाही. गोळ्यांचा राग मात्र मला कधी आला नाही. तुमचं वय मी कधीच ओलांडलं, आणि छाती भरून आली की माणूस काय काय कबूल करायला तयार होतो हे मला आता कळतं.

आईला मी काही सांगितलं नाही. पुढं कितीतरी वर्षं ती येईल त्याला सांगायची की गोळ्यांनी नेलं, मी आण घातली पण उशीर झाला. मी गप्प बसायची. ती गेली गेल्या दिवाळीआधी, माझ्याच घरी. शेवटच्या आठवड्यात मी तिचे केस विंचरत होते तेव्हा तिनं अगदी साधेपणानं, भाजी काय करायची असं विचारावं तसं विचारलं, "त्या डॉक्टरनं माझ्याकडं तसं का बघितलं गं त्या दिशी? मी आण घातली म्हणून तर न्हाई गेले ते?" इतकी वर्षं तिनं तो प्रश्न कुठं ठेवला होता कोण जाणे. मी फणी चालवत राहिले आणि म्हटलं, नाही आई, तसं काही नव्हतं. ती "बरं" म्हणाली. तिचा विश्वास बसला की नाही ते मला कळलं नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, आणि मेल्यावर माणसं कुठं भेटतात यावर माझा विश्वासही नाही. तरी गेले काही दिवस एकच गोष्ट मनात येते. ती तुमच्याकडे आली असेल, आणि तिनं तुम्हालाही विचारलं असेल. अप्पा, तुम्हीही नाहीच म्हणा.