केळीचा विळा

दापोरा,
मार्गशीर्ष वद्य चतुर्थी, शके १८७८

प्रिय सुमन,

तुझी वही माझ्याकडंच आहे. दिवाळीला आलीस तेव्हा विसरून गेलीस, आणि तुझं तिसरं कार्ड आलं तरी मी ती धाडली नाही. रागावली असशील. बापानं पोरीची वही दाबून ठेवावी हे काही शोभत नाही, पण आधी हे सगळं वाच, मग काय बोलायचं ते बोल. इकडं ठीक आहे. तुझं नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आपण इकडं जुन्याच राज्यात राहिलो, म्हणून पोस्टातला कौतिक विचारतो, "गिरधरभाऊ, पोरीच्या पत्राला आता विलायतेचं तिकीट लावू का?"

मी शाळेची पायरी चढलो नाही. अक्षरं शिकलो ती स्टेशनात केळी भरताना, वॅगनीवर खडूनं गावांची नावं लिहायचे त्यावरून. तुझी जीवशास्त्राची वहीसुद्धा मी वॅगन भरल्यासारखीच वाचली, एकेक घड उचलून. पेशीचं पान दोन दिवस घेऊन बसलो. केळीचं खोड हे खोड नसून पानांचे देठ एकमेकांवर गुंडाळलेले असतात, खरं खोड जमिनीत असतं, हे तुमच्या सरांनी बराबर सांगितलं; तेवढं तर मीही सांगितलं असतं. फाडलेल्या बेडकाचं चित्र पाहून तुझी आई म्हणाली, "याच्यासाठी पोरगी एवढी लांब धाडली?" मी हसलो आणि पान उलटलं. पुढचं पान जंतूंचं होतं.

लहानपणी तू मला विचारायचीस, आत्या मला कधीच कडेवर का घेत नाही. मी सांगायचो, तिची पाठ दुखते. ते खोटं होतं, बाई. कोकिळेची पाठ कधीच दुखली नाही. तुझ्या जन्माच्या दहा वर्षं आधी ती फोपनारहून माहेरी बाळंतपणाला आली. मुलगा झाला. सात दिवस चांगला होता, आठव्या दिवशी त्यानं दूध सोडलं. जबडाच उघडेना. अंग धनुष्यासारखं ताठ व्हायचं. दुसऱ्या दिवशी गेला. पुढच्या वर्षी पुन्हा मुलगा, पुन्हा आठवा दिवस, पुन्हा तसंच. मग बायांनी तिचं दूध वाटीत काढून त्यात मुंगी सोडली. मुंगी दुधात मरणार नाही तर काय पोहून पलीकडं जाईल? पण मुंगी मेली आणि ठरलं, हिचं दूध विषारी. सासरच्यांनी दुसरी सून आणली आणि कोकिळा कायमची इथं राहिली. पुढं आपल्याच गावात लोक म्हणू लागले, भावाची पोरं जगली, हिचीच कशी मेली? तू आणि तुझा भाऊ प्रभाकर शहरात, सिंधीपुऱ्यात आजोळी जन्मलात, तिथं नर्सबाई होती, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही. दूध विषारी ठरलं तेव्हापासून कोकिळेनं कोणाच्या लेकराला हात लावला नाही. तुला न्हाऊ-माखू घालताना तुझ्या आईला ताप असायचा, तरी कोकिळा दारातच उभी राहायची, पदर तोंडाला लावून. तुला वाटायचं, तिची तुझ्यावर माया नाही. तिला तुझी भीती नव्हती ग, स्वतःची होती.

तुझ्या वहीत लिहिलंय, धनुर्वाताचा जंतू मातीत आणि शेणखतात असतो. कवच करून वर्षानुवर्षं निजून राहतो. घाणेरड्या हत्यारानं नाळ कापली की तिथून बाळाच्या अंगात शिरतो आणि पाच-दहा दिवसांत जबडा मिटतो. हे मी तीनदा वाचलं. मग वही मिटून बागेत जाऊन बसलो.

आपल्या घराची एक रीत होती. नाळ कापायला बागेतला विळा. एका केळीभोवती चार पिलं उगवतात, वंश खुंटत नाही, म्हणून पिलं काढायच्या विळ्यानंच नाळ कापायची. कोकिळेच्या दोन्ही बाळंतपणांत तो विळा मी आणला. चिखलाचा होता, धोतराला पुसला. कापलेल्या नाळेवर सुईणीनं गोवरीची राख लावली. दोन्ही वेळा दाराबाहेर मी पेढे वाटायला उभा होतो.

कोकिळेला सांगितल्यावाचून राहवेना. तुझी वही पुढं धरून सगळं वाचलं. विळा कोणी आणला तेवढं सोडून. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या दुधात काही नव्हतं?" मी म्हटलं, काही नव्हतं. मग तिनं विचारलं, "विळा तूच आणला होतास ना रे भाऊ?" मी मान डोलावली. त्यानंतर नऊ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, ठेवायची, जायची.

दहाव्या दिवशी चुलीपाशी बसून तिनं विचारलं, "निर्मलेचे दिवस किती राहिले?" तुझ्या वहिनीला आई नाही, बाळंतपण आपल्याच घरी आहे. पौषाचा महिना. शहरात न्यायला गाडी जुंपून ठेवीन, पण लेकरू काही गाडीची वाट पाहत नाही. मालूबाई सुईण माझं ऐकत नाही, म्हणते, पोरीच्या वहीवरून आता पुरुष बाळंतपण शिकवणार! कोकिळेनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "या वेळी खोलीत मी राहीन. नाळेला काय लागतं ते मी बघीन. पण तुझ्या सांगण्यावर नाही. पोरीला लिही."

म्हणून हे पत्र. हत्यार कोणतं घ्यायचं, पाण्यात किती वेळ उकळायचं, हात कशानं धुवायचे, नाळेवर काय लावायचं आणि काय नाही, हे तुमच्या सरांना, तिथल्या डॉक्टरीणबाईंना नीट विचारून साध्या भाषेत लिही. अंदाजानं एक अक्षर लिहू नकोस. पत्रावर माझं नाव घालू नकोस, तिचं घाल: श्रीमती कोकिळाबाई. तिला वाचता येत नाही. कौतिक तिला वाचून दाखवील, ती पाठ करील. आजवर तिच्या नावानं पत्र कोणी धाडलेलंच नाही.

तुझाच,
बापू