मागच्या डेकवरचं टेबल

आई,

माझी सकाळची ड्यूटी आहे. तुला मुद्दामच उठवलं नाही. आलोकदादा तुला मदन महल स्टेशनवर सोडेल, तिथून गाडीने बंदरापर्यंत जा.

जहाजावरच्या नाश्त्याचं तेवढं ऐक. मोठ्या बुफेत फार गलका असतो. मागच्या डेकवर एक छोटं रेस्टॉरंट आहे, तिथे टेबलावर आणून वाढतात. तुम्हा दोघांचं बुकिंग करताना बाबांनी तेच पसंत केलं होतं. तिथेच जा, खोलीत मागवू नको. बाबा गेल्यापासून तू ओट्याशी उभ्यानेच खातेस. तिथे बसून, सावकाश खा.

वेटर विचारेल, "और कोई आएगा, मैडम?" नाही म्हण. पण समोरची खुर्ची नेऊ देऊ नको, तिच्यावर तुझी शाल ठेव.

काल पुष्पामावशी फोनच्या स्पीकरवर म्हणाली, "आत्ताच काहून जाऊन राहिली? तेही एकटी? लोक काय म्हणतील?" तू म्हणालीस, "लोकांना म्हणू दे. मला समुद्र पाहायचा आहे." स्वयंपाकघरात मला सगळं ऐकू आलं.

आज मावशीला मीच फोन करणार आहे. माझी आई एकटी समुद्रावर गेली, हे तिला माझ्या तोंडून ऐकवायचं आहे.

प्रणोती