हिची हिरवी सायकल

३ मार्च, मंगळवार

आजपासून रोजनिशी. निवृत्त माणसाला शिस्त नसेल तर तो गंजतो. मी गंजणार नाही.

ही बहिणीकडे गेली आहे. हवापालट. सोबत दोन मोठ्या बॅगा, शिवणयंत्र आणि थंडीचे कपडे नेलेत. उन्हाळा तोंडावर आलाय, पण ही पहिल्यापासूनच दूरदर्शी. हिची हिरवी सायकल मात्र मागच्या खोलीतच आहे. बसमध्ये घेतली नाही म्हणे. म्हणजे परत यायचंच आहे.

संकल्प: लवकर उठणे, व्यायाम, समाजसेवा.

अंडं उकडलं. फुटलं. खाल्लं.

५ मार्च, गुरुवार

हिचा फोन. म्हणाली, माझ्या सायकलीत हवा आहे ना? म्हटलं, आहे. म्हणाली, दर आठवड्याला बघत जा, टायर बसला की चिरतो. म्हटलं, बघतो. बरं, म्हणाली आणि ठेवला.

यालाच ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात. नाव सायकलीचं, चौकशी माझी. इतक्या वर्षांच्या संसारात एवढं तर कळतंच.

फोननंतर हवा पाहिली. नव्हती. भरली. दम लागला. व्यायामाचा संकल्प आपोआप पार पडला.

८ मार्च, रविवार

उठलो. बसलो. संध्याकाळ झाली.

१० मार्च, मंगळवार

समाजसेवा सुरू. जुन्या रंगाच्या कारखान्यामागे एक शेड आहे. तिथली संस्था लोकांच्या पडून असलेल्या सायकली गोळा करते, दुरुस्त करते आणि कंटेनरमध्ये भरून समुद्रापलीकडे पाठवते. तिकडे दवाखाना लांब, शाळा लांब, पाणी लांब. रस्ता आहे, गाडी नाही. तेव्हा सायकल.

मी आवक-जावक विभागाचा प्रमुख म्हणून निवृत्त झालो, हे शेडच्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, छान, मग जावकपासून सुरू करा. आणि हातात पाना दिला. बहुधा नवीन अधिकाऱ्याला सगळ्या खात्यांतून फिरवण्याची पद्धत असावी. असायलाच हवी.

दुसरा स्वयंसेवक निवृत्त बसड्रायव्हर आहे. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, सायकल चालवता का? म्हटलं, तत्त्वतः हो. प्रत्यक्ष चालवण्याचा प्रसंग आला नाही, एवढंच. तो बराच वेळ हसला. साधा माणूस आहे.

१२ मार्च, गुरुवार

कंटेनरमध्ये सायकल उभी जात नाही, जागा खाते. म्हणून हँडल वळवून सायकलीला समांतर करायचं, सीट खाली दाबायची, दोन्ही पेडलं काढायची आणि जुन्या ट्यूबच्या पट्टीने कॅरियरला बांधायची. अशा चपट्या सायकली एकीचं पुढचं चाक दुसरीच्या मागच्याला लावून रचायच्या. बाईंनी सांगितलं की डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात, ते उलट्या दिशेने फिरवायचं. मला हे माहीत होतं. निदान ऐकताना नवल वाटलं नाही.

डावं पेडल घट्ट होतं. पान्याला लोखंडी नळी लावून जोर केला. आणखी जोर केला. कर्र असा आवाज झाला. मी सोडवत नव्हतो, आवळत होतो असं निघालं. आतले आटे गेले. चांगली लेडीज सायकल होती, सुट्या भागांच्या ढिगात गेली. ड्रायव्हर म्हणाला, साहेब, हात तुमचा भारी आहे, पण दिशेचं बघा जरा. बाईंनी मला पट्ट्या बांधायला बसवलं.

दोनच दिवसांत पॅकिंग विभाग माझ्याकडे आला.

हिचा फोन. सायकलीत हवा आहे ना? आहे. मी शेडचं सांगितलं. म्हणाली, तुम्ही? सायकली? म्हटलं, हो, विभाग सांभाळतो. बरं, म्हणाली. ‘बरं’ म्हणताना आवाज भरून आला होता. किंवा तोंडात काहीतरी होतं.

१७ मार्च, मंगळवार

बाईंनी चहाच्या वेळी सांगितलं की तिकडे सायकल नुसती वाटत नाहीत. फुकट मिळालेली पहिल्या पंक्चरला भिंतीला लागते. म्हणून आधी शिकायचं: पंक्चर काढणं, चेन बसवणं, ब्रेक आवळणं. मग सायकल. या खेपेला लेडीज सायकली सुईणींच्या एका तुकडीला जायच्यात. सुईण चालत पोचेपर्यंत मूल वाट बघत नाही.

मी म्हटलं, बायकांना पंक्चर वगैरे काढता येईल का? बाईंच्या हातात तेव्हा पंक्चर काढलेली ट्यूबच होती. मी लगेच म्हटलं, विनोद केला. ड्रायव्हर तेव्हा हसला नाही. विनोदाच्या वेळी हसत नाही, एरवी हसतो.

आमच्या हिलासुद्धा येतं पंक्चर काढता. सायकल घेतली तेव्हा मी म्हटलं होतं, या वयात? लोक काय म्हणतील? तीही थट्टाच. ही रोज संध्याकाळी तासभर फिरून यायची. कुठे जातेस विचारलं तर म्हणायची, कुठे नाही. आल्यावर चेहरा बरा असायचा.

भांडी साचलीत. उद्या.

१९ मार्च, गुरुवार

फोन. हवा आहे ना? आहे. ब्रेक? तेही आहेत. बरं.

आज ब्रेकचीही चौकशी. ओढ वाढते आहे.

२४ मार्च, मंगळवार

भांडी उद्या.

२६ मार्च, गुरुवार

ही रविवारी येणार!

शब्द जसेच्या तसे लिहितो. म्हणाली, सायकल ठीक आहे ना? म्हटलं, एकदम. म्हणाली, मग रविवारी येते, भावजींच्या ओळखीचा टेम्पो मिळालाय. म्हटलं, ये ये. आणखी काही सांगणार होती, पण मीच म्हटलं, बाकीचं प्रत्यक्षच बोलू.

टेम्पो. शिवणयंत्र काही मांडीवर घेऊन बसने येत नाही. सगळं सामान परत येतंय.

ड्रायव्हरला शेडमध्ये सांगितलं. तो म्हणाला, वा साहेब, भांडी घासा मग. कसं कळलं त्याला कुणास ठाऊक.

२८ मार्च, शनिवार

कंटेनर भरला. अर्धा दिवस मी आतल्या बाजूला उभा राहून सूचना दिल्या. कुणी ऐकल्या नाहीत, तरी काम सूचनांप्रमाणेच झालं.

शेवटी दाराशी एक जागा उरली. सुईणींच्या तुकडीत एक लेडीज सायकल कमी. बाई म्हणाल्या, एकीला तीन महिने थांबावं लागेल, पुढच्या कंटेनरपर्यंत. कमी का पडली, ते कुणी बोललं नाही. ड्रायव्हर सुट्या भागांच्या ढिगाकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

मग मला सुचलं. अशा वेळी मोठ्या पदावर काम केलेल्या माणसाचं डोकं चालतं. ही तर परत येतेय. परत आल्यावर संध्याकाळी बाहेर जायचं कारण काय? मी घरीच असतो. आणि मी काय केलं हे कळल्यावर हिचा ऊर भरून येईल. म्हटलं, थांबा, आलोच.

घरून शेडपर्यंत सायकल हाताने ढकलत आणली. पेडल सारखं नडगीवर बसत होतं. वाटेत तिघांनी विचारलं, काका, पंक्चर झाली का? तिघांनाही हो म्हटलं. चौथ्याने, चला काढून देतो, म्हणून हात धरला. त्याला घाई आहे म्हटलं आणि जरा पळालो.

बाईंनी सायकल फिरवून पाहिली. म्हणाल्या, निगा राखलीय हो. कुणाची? म्हटलं, घरचीच. म्हणाल्या, घरात विचारलंत ना? म्हटलं, घरात सध्या मीच आहे.

हँडल मी वळवलं. सीट मी दाबली. डावं पेडल उलट्या दिशेने फिरवलं. पहिल्या हिसक्यात सुटलं. लोण्यासारखं. हिने आट्यांना ग्रीस लावून ठेवलं होतं. ड्रायव्हर म्हणाला, जमलं की हो साहेब! पट्टी मीच बांधली. दार लागलं, सील लागलं, ट्रक गेला.

आयुष्यात इतकं नीट काम क्वचित झालंय.

घरी येऊन भांडी घासली. मागच्या खोलीत शिवणयंत्राला जागा झाली आहे.

२९ मार्च, रविवार

टेम्पो आला. मोकळा.

मेहुणी टेम्पोतच बसून राहिली. ही आत आली, चप्पल न काढता. बारीक झाली आहे. चेहरा बरा होता, संध्याकाळी फिरून आल्यावर असायचा तसा. म्हणाली, घर आवरलेलं दिसतंय. मग सरळ मागच्या खोलीत गेली.

तिथून विचारलं, अहो, सायकल कुठे आहे?

मी सांगितलं. सुईण, तीन महिने, मोकळी जागा, सगळं ओळीने सांगितलं. ही उंबऱ्यावर बसली. ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली नाही. म्हणाली, दोन गावांत शिवणवर्ग घेतेय मी. उद्यापासून तिसऱ्या. बस जात नाही तिथे. म्हणून न्यायला आले होते. फोनवर सांगत होते, तर तुम्ही म्हणालात, प्रत्यक्ष बोलू.

मी म्हटलं, मग परत कधी येणार? म्हणाली, अहो, मी गेले तेव्हाच सांगितलं होतं तुम्हाला. दोनदा.

सांगितलं असेल. मी ते हवापालट असं धरलं होतं.

मग तिने विचारलं, शेडपर्यंत नेली कशी? तुम्हाला तर येत नाही. म्हटलं, ढकलत. एवढ्या लांब? म्हटलं, हो. पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. नडगीवरचं दिसलं असावं. म्हणाली, हळद लावा त्याला.

बाहेर मेहुणीने हॉर्न वाजवला. ही उठली. दारात थांबून म्हणाली, सुईणीला तरी होईल. ग्रीस लावलेलं होतं ना पेडलांना? म्हटलं, हो, लोण्यासारखं सुटलं. बरं, म्हणाली.

टेम्पो मोकळाच गेला.

हळद सापडली नाही. काही वाटलं नाही. हिच्या चहासाठी काढलेला कपही घासून टाकला.

३१ मार्च, मंगळवार

शेडमध्ये गेलो. बाईंना म्हटलं, घरच्यांसाठी एक लेडीज सायकल मिळेल का? त्या म्हणाल्या, मिळेल की, नियम सगळ्यांना एकच. ज्यांना हवी त्यांनी यायचं आणि आधी दुरुस्ती शिकायची. म्हटलं, तिला सगळं येतं. म्हणाल्या, मग स्वतः येऊन घेऊन जाऊ देत. म्हटलं, ती येणार नाही. बाई ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत राहिल्या.

ड्रायव्हर आज साहेब म्हणाला नाही. म्हणाला, बसा, चहा आलाय.

पट्ट्या बांधल्या.

२ एप्रिल, गुरुवार

सकाळी पंप घेऊन मागच्या खोलीत गेलो. सवयीने. परत खुंटीला लावला.

फोनजवळ बसलो. संध्याकाळ झाली. आला नाही.

बरोबरच आहे. भांडं लपवलेलं नव्हतंच. सायकलच नाही, तर विचारणार काय?