२७०१५ वर कोण बसलंय

१४ ऑक्टो. २००७, रवि.
आमच्या सायबर कॅफेची कुडाळच्या कॅफेशी गेमची मॅच. नाक कापलं. आमचे पाचजण सर्व्हरवर ताटकळले, ते आलेच नाहीत. वर तिकडून फोन: "अर्धो तास तुमच्या सर्व्हरवर आसव, थंय कोण कुत्रोय नाय. घाबरलास काय?" म्हणजे आत होते. कुठल्या आत?

१५, सोम.
आमचा सर्व्हर पोर्ट २७०१५ वर हवा. बाहेरच्यांसाठी मॉडेममध्ये तेवढंच दार उघडं. तिथे आमच्याच मशीनवर आधीच दुसरा सर्व्हर बसलाय, रिकामा, विंडो न दाखवता. म्हणून आमचा आपोआप २७०१६ वर सरकला आणि कुडाळवाले त्या रिकाम्यात गेले. बंद केला, मशीन रीस्टार्ट केलं, मेला परत हजर. मुद्दाम बसवलाय कुणीतरी. पासवर्ड दोघांकडेच, मी आणि सुहास.

१६, मंगळ.
सुहास सख्खा मावसभाऊ, दुकानात निम्मा भागीदार. दर मंगळवारी पार्ट आणायला कुडाळला, आणि बसतो त्याच कॅफेत. घरचा भेदी. गिऱ्हाइकांसमोरच विचारलं. बोलता बोलता मावशीपर्यंत गेलो, ते नको होतं.
"माका चोर म्हणतस? मगे मी हयसर कित्याक रवू?" किल्ली काउंटरवर ठेवून गेला.
पीडा गेली.

१८, गुरु.
प्रिंटर अडला. तो त्यालाच कळतो. फोन करणार नाही. कुडाळवाल्यांना म्हटलं, मॅच परत खेळू. म्हणे, आधी घर सांभाळा. बघा, बातमी पोचलीच.

१९, शुक्र.
सर्व्हर सुरू करणारी फाईल सापडली. तारीख १ ऑक्टो. २००६. गेल्या दसऱ्याचा आदला दिवस.
दसऱ्याला पूजेतल्या मशीनच्या की-बोर्डला हात लावायचा नाही, आणि खेळायचं तर होतं. म्हणून मशीनचं बटण दाबलं की सर्व्हर आपोआप चालू, अशी सोय केली होती. नुसतं बटण दाबणं म्हणजे काम नव्हे, हा शोधही माझाच. सुहास तेव्हा गोव्यात होता. दसरा गेला, सोय काढायची राहिली. दुकानातल्या दुकानात खेळताना वर्षभर कधी नडलं नाही.
काखेत कळसा. लाज वाटते. त्याहून जास्त राग येतो.

२१, रवि. दसरा.
मशीनला हार, हळदकुंकू. देवळाकडे सुहास स्वतःहून आला, आपट्याचं पान हातात ठेवलं. सांगायचं वाक्य सकाळपासून घोकलेलं.
"गावलो तो पोर्टवालो?"
"नाय," म्हटलं.
मान हलवून गेला. विचारलंनच कशाला?
फाईल मशीनवर आहे, तारखेसकट. पुसून टाकू, की त्याला बोलावून दाखवू? आज तर हात लावायचा नाही.