कलम चार आणि एक जूनच्या नऊ मुली

यवतमाळ,
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

देवीलाल गुरुजी यांस,

नरहरचा जय सेवालाल, आणि त्याच्या मागोमाग आमच्या पद्धतीचा नमस्कार. नागपुरास तुमचे गुडघे, वहिनींची साखर आणि अमरसिंगची नवी नोकरी (काळजीचा क्रम हाच ना?) ठीक असतील असं धरून चालतो. इकडे आमच्या सौ. अनघाची तब्येत उत्तम, चिरंजीव साकेत आणि सूनबाई आपापल्या गडबडीत. नात भैरवीही मजेत आहे, फक्त रविवारपासून माझ्याशी बोलत नाही. तेरा वर्षांच्या मुली असं करतात म्हणे. पत्र पाहून दचकू नका. फोनच केला असता, पण आमच्या घरात फोनवरचं बोलणं ज्यांनी ऐकू नये तेच नेमके ऐकतात.

तर बातमी अशी, की जिल्ह्याच्या चौदा वर्षांखालील मुलींच्या सॉफ्टबॉल स्पर्धेसाठी पात्रता समिती नेमली गेली आणि तिचा अध्यक्ष मी झालो. समितीत आणखी दोघं आहेत, पण एकाचं सोयाबीन अजून शेतात भिजलेलं आहे आणि दुसऱ्याला मी काय बोलतो ते ऐकू येत नाही, त्यामुळे समिती म्हणजे मीच. मला सॉफ्टबॉलमधलं काय कळतं, असं तुम्ही विचाराल. काही नाही. लोहाऱ्याच्या मैदानावर पहिल्या दिवशी गेलो तेव्हा हा चेंडू मऊ असतो अशाच समजुतीत उभा होतो. तो समज डाव्या गुडघ्यावर दूर झाला. पण गुरुजी, कोण खेळू शकतं हे ठरवणं हा खेळ नव्हेच, ते आस्थापनेचं काम आहे, आणि सरकारी कचेरीत पस्तीस वर्षं मी दुसरं काय केलं? माझ्या हातून चुकीचा माणूस कधी पुढे गेला नाही. (बरोबर माणूसही फारसा गेला नाही, असं आमचे साहेब म्हणत, त्यांची बदली झाली.)

मी एका बैठकीत एकतीस कलमांची नियमावली तयार केली. त्यातलं चौथं कलम म्हणजे माझ्या आयुष्यातलं सर्वात चांगलं लिखाण आहे, म्हणून इथे उतरवतो: "मुलीचा जन्म १ जानेवारी २०१२ रोजी किंवा त्यानंतर झालेला असावा. जन्मतारीख म्हणजे शाळेच्या रजिस्टरात असलेली तारीख. दवाखान्याचा कागद, प्रतिज्ञापत्र, पंचनामा अथवा आजीची आठवण विचारात घेतली जाणार नाही." त्यातले 'आजीची आठवण' हे दोन शब्द मी मुद्दाम घातले, कारण मला आपला जिल्हा माहीत आहे. एकदा आज्या बोलू लागल्या की मुलगी पावसाळ्यात जन्मली की उन्हाळ्यात हे ठरेपर्यंत ती लग्नाची होते.

पुढे सगळं नीट चाललं होतं. झरी जामणीचा संघ आला, कागद चोख. मग आर्णीकडचा, म्हणजे तुमच्याच तांड्याच्या शाळेचा संघ आला. क्रीडाशिक्षिका ममता तुमची विद्यार्थिनी, तेव्हा शिस्त काही विचारू नका. बारा मुलींचे शाळेच्या रजिस्टरातले बारा उतारे तिने टेबलावर ओळीने मांडले. मी चष्मा पुसला, एकेक पाहत गेलो आणि सातव्या उताऱ्याशी थांबलो. पहिल्यापासून पुन्हा पाहिलं. गुरुजी, बारापैकी नऊ मुली एकाच दिवशी जन्मल्या होत्या: एक जून दोन हजार बारा! एका तांड्यात, एका दिवशी, नऊ मुली, आणि सगळ्या सॉफ्टबॉल खेळणाऱ्या. मी ममताला विचारलं, त्या दिवशी तांड्यात दुसरं काही काम नव्हतं का? ती हसली नाही. "सर, पह्यलीच्या गुर्जींनं लिहेल हाय थे," एवढंच म्हणाली.

आता खरं तर कलम चारप्रमाणे रजिस्टर म्हणजे रजिस्टर, तिथे विषय संपतो. पण कलम सत्तावीस आहे ना! "अध्यक्षांस शंका आल्यास ते चौकशी करतील." आणि शंका मला चांगलीच आली, विशेषतः पायलबद्दल. ही त्यांची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी. माझ्याहून बोटभर उंच. हात खालून असा गरकन फिरवते की चेंडू सुटला कधी ते कळत नाही, पोचल्याचा आवाज तेवढा येतो. गेल्या वर्षी हिने आमच्या यवतमाळच्या संघाला अक्षरशः उभं करून घरी पाठवलं होतं. आमची भैरवी त्या संघाची कॅचर, म्हणजे मागे बसून चेंडू झेलणारी, तिला या वयोगटात खेळायचं हे शेवटचं वर्ष, आणि गेलं वर्षभर तिच्या तोंडी एकच, की यंदा पायलला हरवायचं. माझ्या शंकेचा याच्याशी काही संबंध नव्हता. (थोडा होता.)

म्हणून मी स्वतः चौकशीला तांड्यावर गेलो. गाडी आर्णीच्या अलीकडे बंद पडली, ती एका पंक्चरवाल्याकडे सोडली आणि पुढे कापसाने भरलेल्या टेम्पोत, अगदी वर, कापसावर बसून निघालो. बसायला याहून उत्तम जागा नाही, उतरायला याहून वाईट नाही. तांड्यावर उतरलो तेव्हा डोक्याला, मिशीला, भुवयांना कापूस. पायलची आजी मानीबाई अंगणात तूर निवडत होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, घाईने खाट टाकली, पाणी दिलं आणि आत ओरडली, "चाय ठेव वो, लय म्हातारं मानूस आलं!" मी कापूस झटकला तरी तिचं मत फारसं बदललं नाही.

मी कामाचं विचारलं. पायलचा जन्म कधीचा? मानीबाईने तूर बाजूला सारली. "होळीच्या आदल्या दिसाचा. इकडं लेंगी गाऊन राह्यले होते, डफ वाजून राह्यला होता, अन् थे रडून राह्यली होती. माह्या लेकाचं, बादलचं लगन झालं न, त्याच्या दुसऱ्या होळीले." मी वही काढली. बादलच्या लग्नाची पत्रिका देवाच्या फोटोमागे जपून ठेवलेली होती, त्यावरून साल काढलं. होळी दोन हजार बारा! म्हणजे पोरगी मार्चमधली. एक जून खोटं, पण पात्र ती दोन्हीकडून. एवढ्या पक्क्या आठवणीची बाई आमच्या कचेरीत असती तर अर्ध्या फायली सापडल्या असत्या.

"मग मास्तरांनी जून का लिहिलं?" मी जरा आवाज चढवून विचारलं. तर ती म्हणाली, "शाळा जूनात सुरू होते ना. पोरगं आनलं, सहा वर्साचं दिसलं, लिवलं एक जून. समद्यायचं तसंच लिवत." आणि मग तिने माझ्या डोक्यावरच्या उरल्या कापसाकडे पाहत साधाच प्रश्न विचारला, "तुमची कोनती तारीख हाय, सायेब?"

गुरुजी, माझी तारीख तुम्हाला माहीत आहे. एक जून एकोणीसशे एकसष्ट. आई सांगत असे की मी पोळ्याला जन्मलो. आमच्या मास्तरांना पोळा मंजूर नसावा. त्याच तारखेवर मी नोकरीला लागलो, त्याच तारखेवर एकतीस मेला निवृत्त झालो, आणि आमच्या कचेरीतून त्या एका दिवशी पाच जण निघाले. हार कमी पडले तेव्हा मी हसून म्हणालो होतो, काय योगायोग आहे! तुमचाही निरोप समारंभ त्याच संध्याकाळी होता, म्हणून तर आपण एकमेकांच्या समारंभाला येऊ शकलो नाही. पस्तीस वर्षं लोकांच्या जन्मतारखा तपासल्या आणि ही गोष्ट मला तूर निवडणाऱ्या बाईने सांगावी! मी चहा घेतला, दुसरा कपही घेतला आणि परत आलो.

चूक दिसली की ती मान्य करायला मी मागेपुढे पाहत नाही, हा माझा स्वभाव तुम्ही जाणताच. रविवारी सर्व संघांची बैठक झाली. मी खुर्चीवरून उभा राहिलो आणि जाहीर केलं की नऊच्या नऊ मुली पात्र आहेत. रजिस्टरात जे लिहिलं ते अंतिम, तांड्याचं असो की शहराचं, कुणाचीही मुलगी असो, कलम चारला अपवाद नाही. टाळ्या पडल्या. मानीबाई पोरींसोबत आली होती, तिने तर बसल्या जागी हात जोडले. निवृत्तीनंतर इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं. न्याय ही गोष्ट फार सोपी आहे गुरुजी, फक्त माणूस ठाम हवा.

येत्या रविवारी यवतमाळ विरुद्ध आर्णी. वहिनींना नमस्कार, घरच्या लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
नरहर
(अध्यक्ष, पात्रता समिती)

ता. क. एक किरकोळ गोष्ट लिहायची राहिली. टाळ्या थांबल्यावर ममता उठली आणि अगदी अदबीने म्हणाली, "सर, मंग समद्यायचे उतारे वाचून दाखवा ना, म्हंजे कोनाच्या मनात काही राह्यनार नाही." योग्य सूचना होती. मी वाचत गेलो. यवतमाळच्या यादीत सहावं नाव भैरवीचं. तारीख: तीस डिसेंबर दोन हजार अकरा. मी वाचून मोकळा झालो आणि मग मला ऐकू आलं. दोन दिवसांनी मोठी. भैरवी मागून म्हणाली, "आजोबा, माझा वाढदिवस तर नऊ जानेवारीला असतो ना?"

दुसरा ता. क. आता तुम्हाला आठवलंच असेल. दोन हजार सतराचा जून, तुम्ही तेव्हा यवतमाळच्या शाळेत मुख्याध्यापक होता. पहिलीच्या प्रवेशाला मुलगी डिसेंबरअखेर सहा वर्षांची व्हायला हवी होती आणि आमची नऊ दिवसांनी कमी पडत होती. मी प्रतिज्ञापत्र घेऊन आलो (हो, तेच, कलम चारमध्ये वगळलेलं), पेढेही आणले. तुम्ही तीनदा म्हणालात, "नरहरभाऊ, एक वर्स थांबून जा ना, पोरगी कुठं पळून राह्यली?" मी म्हणालो, नरहरची नात मागे राहणार नाही. तुम्ही पेढा घेतला नाहीत, पण कागद होता म्हणून तारीख लिहिलीत. तेव्हा विनंती अशी. तुमच्या सुंदर अक्षरात चार ओळी लिहून द्या, की सदर तारीख नोंदवताना मुख्याध्यापकांची, म्हणजे तुमची, नजरचूक झाली, खरी तारीख नऊ जानेवारी. तुम्ही आता निवृत्त आहात, कोण काय विचारणार? तुमची सेवा इतकी स्वच्छ आहे की एवढासा डाग तिथे दिसणारही नाही. नियमाचीही अडचण नाही. मी कलम चार चारदा वाचलं, त्यात आजीची आठवण वगळली आहे, गुरुजींची नाही. स्पीड पोस्टाने शुक्रवारपर्यंत पाठवा.

तिसरा ता. क. मी डिंकाची बाटली शोधायला आत गेलो तेवढ्यात भैरवीने हे पत्र वाचलं. तीन दिवसांनी ती माझ्याशी बोलली. रागावली की ती तुमच्यासारखी बोलते. "चूक तुम्ही केली न आजोबा, मंग देवीलाल आजोबांच्या नावावर कायले टाकून राह्यले?" मला लाज वाटली गुरुजी. पेढ्याच्या वेळी वाटायला हवी होती, ती आठ वर्षांनी वाटली.

तेव्हा वरची विनंती रद्द समजा. मी स्वतःच समितीला अर्ज लिहिला: तारीख मी बदलून घेतली, मुख्याध्यापकांनी नको म्हटलं होतं, तरी मुलीला खेळू द्यावं. मग अध्यक्षाच्या खुर्चीत येऊन बसलो, अर्ज वाचला आणि कलम चारप्रमाणे नामंजूर केला. दोन्ही सह्या माझ्याच. पहिली लगेच झाली, दुसरीला वेळ लागला. भैरवी शेजारी उभी राहून पाहत होती, रडली नाही, मीच चष्मा पुसला. रविवारी ती गुण लिहायला बसणार आहे. पायलचा निरोप आला आहे, की सामन्याआधी सरावाला तिचे चेंडू झेलायला येशील का. जाणार म्हणते.

आत्ता जाताना दारातून तिने विचारलं, नऊ जानेवारीला केक कापायचा की नाही? मी म्हणालो, कापायचा. ती म्हणाली, कोणत्या नियमानं? अनघा आत पोळ्या लाटत होती. भैरवी जन्मली त्या पहाटे दवाखान्यात तिला पहिल्यांदा हातात घेतलं ते अनघाने. मी म्हणालो, "आजीच्या आठवणीनं."